सगुण, दिवा जळत नव्हता

प्रिय सगुण,

तू गेल्यापासून तुला लिहीन लिहीन म्हणत होतो. आज लिहितोय ते भीतीने. तुझी लेक रेश्मा पुढच्या गुरुवारी मोझांबिकला निघते आहे. आपण गेलो होतो तशीच, स्वयंसेवक म्हणून, विहिरी आणि हातपंप दुरुस्त करायला. तेही अल्बेर्तोच्याच गावात! बावीस वर्षांपूर्वी विहिरीत उतरताना आपली दोरी धरणारा अल्बेर्तो आता आजोबा झालाय, पण गणेश चवथीला त्याचा फोन अजून चुकत नाही. तू गेल्याचं सांगितलं तेव्हा तो फोनवर नुसता रडत होता.

काल रेश्मा डिचोलीला माझ्या वर्कशॉपात आली. "काका, मी निघण्याआधी, या रविवारी, देवळात गाऱ्हाणं तुम्हीच घाला. बाबा असते तर त्यांनीच घातलं असतं."

मी? कॉलेजचं तोंड न पाहता, खाणीवरचे पंप उघडून उघडून मी शिकलो. शिकलेले इंजिनियर मला विचारायला यायचे. पण नारळ ठेवून देवाशी बोलणं मला कधी जमलंय?

आठवतं ना? आधी माझा पेटता कंदील दोरीने विहिरीच्या तळाशी जायचा. विझला तर खाली हवा वाईट, कोणी उतरायचं नाही. मग तुझं गाऱ्हाणं. मी मिस्त्री, म्हणून तुझी हाक ठरलेली: "मेस्ता, तुझो दिवो झालो? आता माझो देव!" गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला तू त्या गावाला शिकवलंस. अर्थ न कळता सगळे एका सुरात म्हणायचे!

शेवटची विहीर, सोळा हात खोल. लोक सकाळपासून बादल्या मांडून बसलेले. काड्यापेटी गाडीत राहिली होती आणि गाडी ओढ्यापलीकडे. तू डोळे मिटून गाऱ्हाणं घालत होतास. संपल्यावर कमरेला दोरी बांधत विचारलंस, "खाली दिवो जळता मरे?"

"जळतोय," मी म्हटलं.

वाकून बघितलंही नाहीस. माझा शब्द ना!

नव्हता जळत, सगुण. मी तो न पेटवताच खाली सोडला होता.

अकराव्या हातावर तुझी मान पडली. अल्बेर्तोने तुला वर ओढलं. शुद्धीवर आल्यावर तूच म्हणालास, "सोमवारचो उपास बाधलो!" मी मान डोलावली. त्या दिवसापासून तू सोमवार सोडलास, आणि ती गोष्ट जन्मभर स्वतःवरच हसत सांगितलीस. माझा संशय कधीच कसा आला नाही रे तुला? एकदा तरी विचारायचंस!

काल निघताना रेश्मा म्हणाली, "काका, भियेव नका हां! मी कुठे उपास करते? मला विहिरीत काही होणार नाही."

म्हणजे ती कंदील न सोडताच उतरेल! आज एक वॉशर तीनदा हातातून पडला. माझ्या हातातून! कंदील वर काढला तेव्हा त्याची काच थंडगार होती, हे अल्बेर्तोला कळलं होतं. पण इतकी वर्षं तो बोलला नाही, आताही बोलायचा नाही. बोलायचं ते मलाच. आणि ऐकून तिने माझं तोंड पाहिलं नाही तर? तुझ्यामागे मला तेवढंच माणूस उरलंय.

तरीही तुला शब्द देतो. "चुकलंमाकलं पदरात घे," असं तू गाऱ्हाण्यात मोघम म्हणायचास. मी मोघम म्हणणार नाही. रविवारी नारळ ठेवण्याआधी विहीर, सोमवार, कंदील, सगळं तिच्यासमोर सांगेन. नंतर "व्हय म्हाराजा" म्हणायचं की नाही, ते तिने ठरवावं.

तिच्यासाठी कंदील तयार आहे. काड्यापेटी त्याच्या कडीला तारेने बांधली आहे.

तुझा मेस्त,
पांडू