वॉर्ड तीन, बिनविरोध

१७ नोव्हेंबर
रिसोडहून दुपारच्या गाडीनं परत. एम.ए.च्या इंग्लंडच्या इतिहासाच्या पेपरचं पुस्तक अखेर मिळालं. घरी पाय ठेवला तर कळलं, देवळात बैठक झाली. ग्रा.पं.च्या वॉर्ड तीनमधल्या महिला जागेसाठी माझं नाव ठरलंय. बिनविरोध. मला विचारलं कुणी?
मामाजी (सासरे): "विचाराचं काय त्याच्यात? घरातलीच जागा हाय."
ह्यांनी पेढा पुढे केला. घेतला नाही.

२० नोव्हेंबर
पुस्तकातलं पहिलं गाव, इंग्लंडमधलं जुनं सॅरम. उजाड टेकडी, राहायला कुणी नाही, तरी पार्लमेंटात दोन माणसं. आणि मँचेस्टर एवढं वाढलेलं, त्याचं एकही नाही. जमीनदार म्हणेल तो खासदार. मत सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. कुळानं भलतं नाव घेतलं की जमीन गेली.
पुस्तक आपटलं. जुना इतिहास म्हणे! मामाजींना कोट-टोपी घातली की झालं.

२४ नोव्हेंबर
रंजनानं माझ्याविरुद्ध अर्ज भरला! भीमनगरातली, बचत गटात माझ्याशेजारी बसते ती. नवरा प्रकाश आमचंच वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं करतो. घरात नुसती आग.
संध्याकाळी मामाजींनी प्रकाशला अंगणात उभं केलं. बस म्हणाले नाहीत.
"पाडव्यापासून वावर दुसऱ्याले देतो. बायकोले राजकारण पायजे ना तुह्या?"
मी खिडकीत. दात ओठ खात...

२७ नोव्हेंबर
रंजनाला समजाव म्हणून मामाजींनी मलाच पाठवलं. गेले, पण माझं आधीच ठरलेलं. म्हटलं, रंजना, मी माघार घेते, तू येशील निवडून.
ती खूश होईल वाटलं. भडकली.
"म्हंजे मी बी बिनविरोध? तुमी सोडली म्हनून भेटली, असंच म्हनतीन लोकं. मले नाई पायजे तशी. तुमी उभ्या राहा, मी बी राहतो. लोकायले बटन दाबू द्या."
"आणि वावर?"
"वावर त्यायचं हाय, वैनी. मत कायले त्यायचं राहीन?"
घरी येईपर्यंत कानशिलं तापलेली. मोठेपणा वाटला होता मला माझा. दानच की ते. मामाजी वाटतात तसलंच.

२ डिसेंबर
माघारीचा दिवस. मामाजींनी सकाळीच गाडी नेऊन रंजनाच्या दारात लावली. "चाल, तहसीलीत जाऊन येऊ." ती उठली नाही, तुरीच्या शेंगा सोलत राहिली. मग मामाजी प्रकाशकडे वळले. ग्रा.पं.त शिपायाची जागा देतो म्हणाले.
प्रकाश: "तिले विचारा. अर्ज तिचा हाय."
मुदत टळली. गाडी रिकामीच परत.
राग माझ्यावर निघाला. "तूच भरवलं तिले!"
म्हटलं, नाही मामाजी. तिनंच मला भरवलं.
हे ताटावरून उठून गेले.

६ डिसेंबर
पुस्तकात पुढचा धडा, मँचेस्टरात ज्यांनी मताचा हक्क मागितला त्यांचा. हजारो लोक मैदानात, बायका चांगले कपडे करून, लेकरं घेऊन आलेल्या. त्यांच्यात घोडेस्वार घातले. तलवारी चालल्या. पुढे मताचा कायदा झाला, तरी त्या बायकांना मत नाहीच.
एका बैठकीत या धड्यावरचा सरावाचा पेपर लिहून काढला. लिहिताना पेनाची निब वाकली.

१० डिसेंबर
प्रचार. बोलतात मामाजी, हात जोडते मी. आज चौकात माइक हातात आला. म्हटलं, मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण रंजना उभी राहिली म्हणून प्रकाशचं वावर काढून राह्यले, ते खरं आहे. आणि माझ्याच घरचे काढून राह्यले.
मागून कुणी म्हातारी म्हणाली, "बोल माय, बोल."
ह्यांनी वायर ओढली.

१४ डिसेंबर
उद्या मतदान. प्रकाशच्या हरभऱ्याला पाणी द्यायला आज दुसराच माणूस. पाडव्यापर्यंतसुद्धा थांबले नाहीत.
दोन्ही बाजूंना माणसं सारखीच वाटतात. काय होईल, कुणीच सांगत नाही.
जेवताना मामाजींनी विचारलं, "उद्या मत कोनाले देशीन?"
"ते गुप्त असतं, मामाजी."
"घरात कायचं गुप्त?"
मी भाकरी वाढली.
मत कुणाला, ते इथेही लिहीत नाही.