नर्सबाईचं कुंकू

९ नोव्हेंबर १९३६, शहादे

नोकरीतलं पहिलं बाळंतपण आज दारात आलं आणि दारातूनच परत गेलं.

दुपारी दवाखान्यापुढे बैलगाडी थांबली. गाडीत कळा देणारी सून, शेजारी सासू. मी हात धुऊन, पदर खोचून पुढे झाले. सासूनं माझ्या हातांकडे पाहिलंच नाही. कपाळाकडे पाहिलं. "हाई ते रांडमुंड शे. मन्ही सुनले इना हात नको." डॉक्टर बाहेर आले, पण पुरुष म्हणून ते तर तिला आधीच नको होते. गाडी वळली.

धुळ्याला मला आडवं मूल फिरवायला शिकवलं. फिरलेली गाडी थांबवायला नाही शिकवलं. आणि म्हणे मी परीक्षेत पहिली!

१० नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, "निर्मलाबाई, उद्यापासून कुंकू लावून येत जा. बाटलीवरची चिठ्ठी समजा. लोक चिठ्ठी बघूनच औषध घेतात."

मी ताठ मानेनं नाही म्हटलं. हे जाऊन चार वर्षं झाली. आता खोटं सौभाग्य मिरवू? खोलीवर येऊन बराच वेळ स्वतःच्या तत्त्वाचं कौतुक करत बसले. मग पिठलं-भात.

१२ नोव्हेंबर

ती सून गाडीतच बाळंत झाली. वाटेत, कुणाच्या तरी कपाशीच्या बांधाशी. मूल गेलं, ती वाचली. आमची आया तापीबाई बाजारातून ऐकून आली.

माझे धुतलेले हात त्या वेळी इथं मांडीवर आराम करत होते, आणि दुसऱ्या दिवशी मी तत्त्व मिरवलं.

१३ नोव्हेंबर

कुंकू लावलं. सवय गेलेली. पहिलं भुवईवरच उतरलं. पुसून दुसरं लावलं, तेही तिरपं. हिरव्या बांगड्या भरल्या. आरशात पाहिलं तर नाटकातली नवरी – तीही फिरत्या कंपनीतली.

तापीबाई बघत राहिली. तिला सगळं ठाऊक आहे. म्हणाली, "माले दिसस समदं, पन मन्हं तोंड बंद शे."

२९ नोव्हेंबर

कुंकवाची जादू बघा. हात तेच, पाणी तेच, साबण तोच. पण बायका येऊ लागल्या. दोन बाळंतपणं पार पडली, सगळी सुखरूप. एका आजीनं माझी दृष्ट काढली.

पण कुंकू आलं की मागून नवरा येतो. "तुन्हा धनी कोठे ऱ्हास?" एकीला सांगितलं, सुरतेला गिरणीत. परवा दुसरीनं विचारलं तेव्हा घाईत नवापूरचं स्टेशन तोंडातून गेलं. बिचारा एकाच वेळी दोन ठिकाणी राबतो. घरी कधी येत नाही यात नवल काय?

नाव मात्र कोणी विचारत नाही. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, ही रूढी जन्मात प्रथमच माझ्या उपयोगी पडली.

१८ डिसेंबर

काल वाटेत अशीच एक बोडक्या कपाळाची बाई समोरून आली. माझ्याबरोबरच्या बायका थबकल्या. मीही थबकले. थबकले म्हणजे काय – चांगली दोन पावलं बाजूला झाले. त्या बाईनं खाली मान घातली आणि भिंतीला लागून निघून गेली.

याहून जास्त लिहवत नाही. सोंग चांगलं वठतंय एवढं खरं.

७ जानेवारी १९३७

प्रकाशा गावच्या जमनाबाईंकडून बोलावणं. मोठं घर, तापीकाठी केळीच्या बागा. बाईंचा दरारा असा की गोठ्यातली म्हैसही विचारून हंबरत असावी. सून फुलवंताबाई अडलेली. मूल पायाळू होतं. दुपार कलता कलता मोकळी झाली. मुलगा. रडला तेव्हा जमनाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, त्या तिथंच खाली बसल्या.

मला म्हणाल्या, "बाई, तुन्हा हातले जस शे. आते रोज येत जा."

यश हाताला दिलं त्यांनी. कपाळाला नाही. गाडीत बसून घरी येईपर्यंत तेच मनात घोळवत होते.

१८ जानेवारी

बारसं. मला पाटावर बसवून ओटी भरली. तेवढ्यात एक आगाऊ बाई म्हणाली, "नर्सबाईनी उखाणा घेवाले जोयजे." सगळ्यांनी धरलं. मी म्हटलं येत नाही. म्हटलं घसा बसलाय. शेवटी जमनाबाईच म्हणाल्या, "ले बाई, लाजू नको."

गिरणीतला, स्टेशनातला, दोघांपैकी एकाचं तरी नाव आधी ठरवून ठेवायला नको होतं? एवढी शिकलेली मी! उठले आणि तोंडातून आलं –

"केळीच्या बागेत वारा फिरतो खुशाल,
नाव विचारता, तर सांगते – सुकलाल."

हसणं, टाळ्या. तोंडातून गेलं ते ह्यांचंच खरं नाव. ते होते तेव्हा एकदाही त्यांचं नाव घेतलं नव्हतं. लाजत होते. दीड वर्षाचा संसार, त्यात निम्मं माहेरपण, मग तो ताप. पहिल्यांदा नाव घेतलं ते परक्या घरी, खोटं पचावं म्हणून.

पण उच्चारताना बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

२१ जानेवारी

पचलं नाही. बारशाला जमनाबाईंचे भाऊ रूपचंदशेठ नंदुरबारहून आले होते, ओसरीवर बसले होते. नाव ऐकून त्यांनी माझं सासर कोणतं ते विचारून घेतलं. मग बहिणीला म्हणाले, "कोनता सुकलाल? तो ते चार साल व्हयनात, मरी गया."

तापीबाईनं हे सांगितलं तेव्हा मी चिमटे उकळत होते. हातातल्या दोन बांगड्या भांड्याच्या काठावर फुटल्या. उरलेल्या मीच काढल्या. कपाळ पदरानं पुसलं.

डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्या गावी बदली मागून घ्या. तिथं नवं कुंकू लावा." म्हणजे नवरा तिसऱ्या नोकरीला!

नको म्हटलं. या वेळी मान ताठ नव्हती. नुसतं नको वाटलं.

२ फेब्रुवारी

कोणी येत नाही. कापसाच्या घड्या करून ठेवते, दुसऱ्या दिवशी उलगडून पुन्हा करते. सरकारचा कापूस इतका नीट घडीत कधी राहिला नसेल.

एक आजी खोकल्याचं औषध न्यायला आली, ती मला वळसा घालून गेली. मी तिला आपणहून वाट दिली. सवयीनं.

९ फेब्रुवारी

जमनाबाई आल्या. बरोबर माझ्याच वयाची एक मुलगी. कपाळ माझ्यासारखंच.

"हाई मन्ही आंडेर, शांती." त्यांची लेक! मी बाराएक दिवस त्या घरात जात होते. कधी दिसली नाही. विचारलं, "या कुठं होत्या?"

"मांगली खोलीम्हा," जमनाबाई म्हणाल्या. "सहा साल व्हयनात." मी शिव्यांची वाट बघत उभी.

शांतीबाईंना त्यांनी पाठीला हात लावून माझ्याकडे सरकवलं. "इले तुन्हासारखी नर्सबाई कर. समदं शिकाड. खोटं बोलनं तेवढं शिकाडू नको."