दुसऱ्यांदा पहिलं घर

सस्काटून, कॅनडा,
८ मार्च २०२६

प्रिय बाबा,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून घाबरू नका, आम्ही दोघी बऱ्या आहोत. रोज फोन करणारी मुलगी पत्र का लिहितेय, म्हणाल. फोनवर तुम्ही मध्येच "जेवलीस का" विचारता आणि माझं सांगायचं राहून जातं.

आम्ही घर घेतलं. डिसेंबरातच घेतलं, गेल्या आठवड्यात राहायला आलो. लहानसंच आहे, पण दुसऱ्याच्या बेसमेंटमधलं राहणं एकदाचं संपलं. बर्फ मीच शोव्हल करते. तुमची नात केया खिडकीतून सूचना देते.

काल टॅक्स भरायला अवनीकडे गेले होते, इथल्या लोकांचे टॅक्सचे कागद तीच करते. इथे पहिलं घर घेणाऱ्याला आयकरात सवलत मिळते, केंद्राचीही आणि प्रांताचीही. मी म्हटलं, मला कशी मिळेल, माझं हे दुसरं घर. प्रीतम गेल्यावर एका पगारात हप्ते झेपेनात म्हणून पहिलं विकलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तर अवनी म्हणाली, "ताई, मधली चार वर्षं तुम्ही रेंटवरच होतात ना? मग तुम्ही परत फर्स्ट-टाइम बायर. रूलच आहे तसा."

बातमी चांगलीच होती. मी मात्र तिच्यासमोर हमसाहमशी रडले. प्रीतमने हौसेने रंगवलेल्या भिंती, केयाचं रांगणं, सगळं त्या घरातलं. ते घर कधी नव्हतंच, असं कुणीतरी म्हटल्यासारखं वाटलं. सवलत घेतली मी. न घेऊन कुणाचं भलं होणार होतं?

त्या सवलतीला एक अट आहे, बाबा. घेणाऱ्याने त्या घरात स्वतः राहायला हवं. अवनीने विचारलं, राहणार ना? मी हो म्हणाले. ते तुम्हाला सांगायचं होतं.

दर वर्षी मी "पुढच्या वर्षी नागपूरला कायमची येते" म्हणत आले, आणि तुम्ही या वयात उन्हात उभं राहून माझ्यासाठी वरचा मजला चढवलात. परवा सामान लावून झाल्यावर केयाने विचारलं, "मॉम, आर वी डन मूव्हिंग?" तिला मला नाही म्हणवेना.

आम्ही भेटायला येऊ, राहायला नाही. इथली थंडी तुम्हाला सोसत नाही, म्हणजे तुम्ही तिथे एकटेच. हे मला रोज टोचणार आहे.

वरचा मजला भाड्याने द्या, बाबा. बिऱ्हाड नीट बघून द्या, संध्याकाळी तुमच्याशी चार शब्द बोलेल असं.

रागावलात तरी फोन उचला.

तुमचीच,
धम्मप्रिया