पाणघोडेसाहेब, आ करा!

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०
अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ही आज एकटी ट्रेनिंगला गेली. दहा दिवस. रूट कॅनालचं नवं मशीन शिकून येणार. आमच्या क्लिनिकमध्ये खुर्च्या दोन, डेंटिस्ट दोन, त्यातली एक आजपासून गैरहजर. म्हणजे सगळा भार माझ्यावर. मला भार आवडतो.

जाताना हिने एकच केस बजावून सांगितली. फायर ब्रिगेडचे साहेब. बाहेरून काढलेल्या एक्स-रेत खालची डावी दाढ आतून किडलेली दिसतेय, गाल सुजलाय. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्यात. येत्या सोमवारपर्यंत दाढ उघडायलाच हवी, नाहीतर सूज गळ्यापर्यंत उतरेल आणि मग थेट हॉस्पिटल. हे गृहस्थ आतापर्यंत तीनदा आले आणि तिन्ही वेळा तोंड न उघडता परत गेले. ही म्हणाली, त्यांना जरा गोडीगुलाबीने घे. मी म्हटलं, माणसं हाताळणं हाच तर माझा प्लस पॉइंट. त्यावर ही बॅगची चेन लावत बसली. चेन बराच वेळ लागेना.

संकल्प: दहा दिवसांत माझं पुस्तक पुरं करणे. 'दात आणि आपण'. सहा वर्षांपूर्वी सुरू केलंय, सध्या पान तीनवर आहे. रोज वीस पानं लिहिली की झालंच. शिवाय पहाटे फिरणे. मोबाइल फक्त फोन करण्यासाठी.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १२.२०
फिरायला गेलो नाही. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

बाहेर बाकावर एक आजी मोबाइलकडे बघून खुदुखुदु हसत होत्या. कवळीच्या मापासाठी आलेल्या. तोंडात एक दात नाही आणि हसतायत! डेंटिस्टच्या दारात इतकं हसलेलं माणूस मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. विचारलं. त्यांनी फोन दाखवला. खुर्चीत एक पाणघोडा बसलाय, आ करून, आणि आजी बोटाने त्याचे दात घासतायत.

गेम डाउनलोड केला. निव्वळ व्यावसायिक जिज्ञासा.

१२.५०
शास्त्रीयदृष्ट्या गेम अत्यंत चुकीचा आहे. पाणघोड्याला नुसत्या दाढाच दिल्यात, सगळ्या एकसारख्या, साबणाच्या वड्या मांडल्यासारख्या. सुळे कुठे गेले? कंपनीला कडक मेल लिहिणार.

१.४०
लेव्हल सहा. मेल लिहिण्याआधी अभ्यास पूर्ण हवा.

५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ४
पाणघोडा येतो. खुर्ची करकरते. तो आ करतो. आत कलिंगडाच्या बिया अडकलेल्या. आपण बोट फिरवायचं, बिया टपटप उडतात, वरून एक छोटा पक्षी येऊन त्या पळवतो. सगळे दात चकचकीत झाले की पाणघोडा दणदणीत ढेकर देतो, कान फडफडवतो आणि टोपी घालून नाचत निघून जातो. बस, एवढंच. यात हसण्यासारखं काय आहे असं मी स्वतःला सतरा वेळा विचारलं आणि सतराही वेळा हसलो.

उशीर झाला तर मात्र तो रुसतो आणि आपल्याच अंगावर बसतो.

मला वाटतं, याचं आकर्षण साधं आहे. हा पेशंट स्वतःहून तोंड उघडतो. तोंडात माझी बोटं असताना मेव्हण्याच्या घटस्फोटाची गोष्ट सांगायला बघत नाही. दुखेल का विचारत नाही. मॅडम कधी येणार, असंही विचारत नाही.

हे पुस्तकात घालता येईल. म्हणजे आज पुस्तकाचंच काम झालं म्हणायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
लेव्हल एकोणीस. काउंटरवरच्या ताईंनी दार उघडून विचारलं, आत कोण पेशंट आहे, मोठमोठ्याने 'साहेब, आ करा, शाब्बास' असं ऐकू येतंय. मी म्हटलं, रिसर्च. ताई गेली बारा वर्षं आमच्याकडे आहेत. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार फार हळू लावलं. रुग्णाच्या खोलीचं लावतात तसं.

संध्याकाळी ५.३०
फायरसाहेब आले. सहा फूट, मिशा, दाराच्या चौकटीत मावत नाहीत. गाल उजव्यापेक्षा डावीकडे दीडपट. मी गोडीगुलाबीने म्हटलं, या, बसा. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, ड्रिलकडे पाहिलं आणि म्हणाले, गाडी चुकीच्या ठिकाणी लावलीय, आलोच. खिडकीतून पाहिलं. चालत आले होते.

यात माझी चूक नाही. पेशंटची मानसिक तयारी नव्हती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
उजव्या हाताचं पहिलं बोट सुजलंय. ताईंनी विचारलं तर सांगितलं, अवजड केस होती. खोटं नाही.

लेव्हल सव्वीस. आता पाणघोड्याची बायकोही येते. तिला लिपस्टिक न पुसता घासायचं असतं. माझा हात किती हलका आहे हे कोणीतरी पाहायला हवं होतं.

पुस्तक: शुद्धलेखन तपासलं. पान तीन निर्दोष आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८
हिचा फोन. कामं कशी चाललीत? मी म्हटलं, जोरात, आज एकट्याने चौतीस तोंडं साफ केली. हिने दोनदा हॅलो हॅलो केलं. मग म्हणाली, चौतीस? दमला असशील रे. इतक्या मायेने वर्षभरात बोलली नव्हती. त्यामुळे खुलासा करणं योग्य वाटलं नाही.

मग विचारलं, फायरसाहेबांचं काय? मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.०५
माणसाने स्वतःवर ताबा ठेवायला हवा. गेम काढून टाकला. कायमचा. किती हलकं वाटतंय! चहा केला. खिडकीत उभा राहिलो. समोरच्या बाल्कनीत एक मांजर जांभई देत होतं. दात बघण्यासारखे होते.

१०.४०
गेम नीट निघाला की नाही हे तपासण्यासाठी पुन्हा डाउनलोड केला. नीट निघाला होता. लेव्हल मात्र तिथेच सापडली, एकोणतीस, आणि पाणघोडा म्हणाला, 'तुमची आठवण येत होती!' मला डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं. स्क्रीनच्या उजेडाने असेल.

संध्याकाळी ७
लेव्हल तीसला मगर येते. दात ऐंशी, वेळ तेवढाच. नऊ वेळा मगरीने मला गिळलं. मगरींशी माझं कधीच जमलं नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.३०
शेवटची मुदत आज. फायरसाहेब स्वतःहून आले, कारण काल रात्रभर दुखलं. पण आत येईनात. बाकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. मी शेजारी जाऊन बसलो. ते खाली बघत म्हणाले, "डॉक्टर, आग लागली की मी आत जातो. इथे कोणीतरी माझ्या आत येतं. ते नाही जमत हो मला."

मला पहिल्यांदाच या माणसाचं वाईट वाटलं. मग कळलं की दाढेचा तुकडा पडल्यापासून दोन वर्षं ते चारचौघांत हसलेलेही नाहीत. ऑफिसात त्यांना 'दगड' म्हणतात.

तेवढ्यात माझ्या खिशातून ढेकर आली. पाणघोड्याची. आवाज बंद करायचा राहिला होता.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला फोन दाखवण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. पहिली लेव्हल लावून दिली. केळ्याएवढी बोटं, पण काय सफाई! बिया टपटप. पक्षी आला. साहेबांच्या मिशा थरथरल्या. पाणघोड्याने ढेकर दिली, टोपी घातली, कंबर हलवत निघाला, आणि साहेब हसले. असे हसले की ताईंच्या हातातली अपॉइंटमेंटची वही पडली. तोंड सताड उघडं! आणि आत, डावीकडे, खाली, ती दाढ! हिने महिनाभरात प्रत्यक्ष न पाहिलेली दाढ मी बाकावर बसल्याबसल्या पाहिली.

२.१०
शोध लागलाय. पाणघोडा आ करतो तेव्हा खेळणारा माणूसही नकळत आ करतो. आरशात करून पाहिलं. मीही करतो. ताईही करतात, पण कबूल करत नाहीत. याला माझं नाव द्यावं लागेल.

साहेब उद्या अकराला यायला कबूल झाले. अट एकच, खुर्चीत गेम हवा. मुदत एका दिवसाने टळली, पण विज्ञानाला तारखा नसतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १
घडलं ते तटस्थपणे लिहितो.

साहेब वेळेवर आले. खुर्चीत बसले. बसले! ताईंनी माझ्याकडे आदराने पाहिलं (बारा वर्षांत पहिल्यांदा). फोन त्यांच्या हातात दिला. गाल बधिर करायचं इंजेक्शन दिलं, कळलंसुद्धा नाही त्यांना. पाणघोडा आ, साहेब आ. सिद्धांत शंभर टक्के खरा.

मी ड्रिल हातात घेतलं. आणि माझं लक्ष फोनकडे गेलं. साहेब लेव्हल तीसवर होते.

माझ्या मगरीवर.

आणि मागच्या दाढांपासून सुरुवात करत होते! कोणीही डेंटिस्ट गप्प बसला नसता. मी म्हटलं, पुढून घ्या. ते म्हणाले, आआ. मी म्हटलं, डावीकडून, डावीकडून, अहो शेपटी येतेय, शेपटी! त्यांना गिळलं. मी म्हटलं, इकडे द्या, दाखवतो. मला गिळलं. मग त्यांनी घेतला. मग मी. खुर्चीच्या दोन्ही हातांवर आम्ही कोपरं रोवून बसलो होतो. सोळाव्या वेळेला मगर फुटभर तोंड उघडून हसली, तिचे ऐंशीच्या ऐंशी दात झगमगले, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

तेव्हा ताई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, सव्वातास झाला, दाढ झाली का?

इंजेक्शनचा असर उतरला होता. दाढ जशीच्या तशी. साहेबांनी गालावर हात ठेवला, चेहरा पांढरा पडला, आणि 'गाडी' एवढं म्हणून निघून गेले. ताईंनी माझा फोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि किल्ली पर्समध्ये.

मी त्यांना समजावलं की ट्रायल म्हणून हे यशस्वीच होतं. ताई म्हणाल्या, मॅडमना फोन केलाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
साहेबांना ताप. सूज हनुवटीखाली उतरलीय. काल क्लिनिक बंद करताना ताईंनी सांगितलं. पहाटे फिरायला गेलो, आपोआप जाग आली होती. त्यांच्या घरापर्यंत गेलो. बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, गाल बघवेना. माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "आमची ही आज रात्री येतेय. ती मगरीकडे बघणारसुद्धा नाही."

त्यांनी चौकटीला खांदा टेकवला. मग विचारलं, फोन तुम्ही धराल का? माझे हात कापतात.

मी हो म्हटलं. याच्याआधी कोणी माझ्याकडे असं काही मागितलं होतं, असं आठवत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२
ही एक दिवस आधी परत आली. ट्रेनिंगचा शेवटचा दिवस सोडून. ग्लव्ह्ज चढवताना विचारलं, ती चौतीस तोंडं कोणाची? मी म्हटलं, पाणघोड्यांची. हिने मास्क लावला. मास्कच्या वर डोळे दिसत होते. ते रागावलेत की हसतायत, नीट कळेना.

ताईंनी ड्रॉवर उघडून फोन परत दिला. मी डोक्याशी उभा राहून साहेबांच्या चेहऱ्यावर फोन धरला. आवाज पूर्ण. त्यांचं एक बोट खेळत होतं, दुसरा हात माझ्या कोटाला घट्ट धरून. पाणघोडा आ, साहेब आ, ही आत. पस्तीस मिनिटं. ड्रिलचा आवाज आला की मी म्हणायचो, बघा, पक्षी आला, पक्षी आला. मी एकदाही फोन मागितला नाही. एकदाही! मगर आली तेव्हासुद्धा.

सगळा पू निघाला. ही म्हणाली, अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली.

साहेब उठले, आरशात पाहिलं आणि हसून दाखवलं. अर्धं तोंड बधिर, हसू तिरकं. मग आम्हा दोघांसमोर सॅल्यूट ठोकला.

१९ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६
साहेबांची सूज गेली. त्यांनी सगळ्या फायर स्टेशनला सांगितलंय. परवापासून ताईंच्या काउंटरवर नुसती रांग, वर्षानुवर्षं दात दाबून बसलेली माणसं. सगळ्यांना मॅडम हव्यात आणि गेम हवा. माझी खुर्ची सध्या वेटिंगसाठी वापरतो. तात्पुरतं आहे. कामाची ही विभागणी माझ्या शोधावर उभी आहे, हे पेशंटना एवढ्यात कळायची गरज नाही.

आज शेवटच्या पेशंट एक शिक्षिका होत्या. मी पांढऱ्या कोटात उभा, फोन धरून, अर्धा तास. काम झाल्यावर चूळ भरून त्यांनी हिला हळूच विचारलं, "हे कंपाउंडर नवीन आहेत का?"

ही म्हणाली, "नाही हो, जुनेच आहेत. अठरा वर्षं झाली."

बाई म्हणाल्या, "हात मात्र अगदी स्थिर आहे त्यांचा."

मी जरा ताठ उभा राहिलो.

ही म्हणाली, "हो. तेवढ्यासाठीच ठेवलेत."