आषाढातला समुद्र, एकटीने

७ जुलै, सोमवार

तिकीट काढलं. चिपळूणपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, आणि गुहागरच्याही पलीकडे एक वाडी. हरिहरला संध्याकाळच्या चहाबरोबर सांगितलं.

"पावसात समुद्रावर कोण जातं?"

"मी."

"बरं."

आणि त्याने बिस्किट चहात बुडवलं. आमच्या संसारात इतक्या सहज मंजूर झालेला हा पहिलाच प्रस्ताव. फ्रिज घेताना तो आठवडाभर विचार करत होता.

सूनबाईला मात्र आनंद आवरेना. क्षिप्राचा बाळकुमहून लगेच फोन. "आई, सोलो ट्रिप! फायनली!" तिच्या मते मी आता स्वतःला शोधणार आहे. इतकी वर्षं मी नेमकी कुठे हरवले होते, हे तिने सांगितलं नाही. मागून सुश्रुतचा आवाज — "पॉवर बँक घे म्हणावं." मुलाचं प्रेम. चार्ज होणारं का असेना.

८ जुलै

कपाटं आवरली. हरिहरला कुकर शिकवला, वॉशिंग मशीनची बटणं दाखवली, गॅसवाल्याचा नंबर भिंतीला चिकटवला. निवृत्त इंजिनिअर आहे. मशीनसमोर असा उभा होता जणू ते त्याची मुलाखत घेणार आहे.

भूगोलाची सगळी पुस्तकं समीक्षाला देऊन टाकली. शाळेत माझ्या जागेवर आली आहे ती. "मॅडम, परत लागली तर?" म्हटलं, खारे वारे आणि मतलई वारे मला पाठ आहेत. आयुष्यभर मोसमी वारे शिकवले. फळ्यावर निळ्या खडूने अरबी समुद्र, त्यावर नैऋत्येकडून येणारे बाण. पण आषाढातला समुद्र मी कधी पाहिलाच नाही. आमची सुट्टी मे महिन्यात. तेव्हा समुद्रही सुट्टीवर असल्यासारखा पडून असतो.

कोलशेतच्या आमच्या गॅलरीतून खाडी दिसते. ती धरत नाही मी.

१० जुलै

पोहोचले. एसटीत शेवटी मी आणि कंडक्टर. त्यानेही उतरताना विचारलं, "नक्की इथंच?"

घर विमलाबाईंचं. पन्नाशीच्या, काटक, कमरेला पदर खोचलेला. मे महिन्यात त्यांच्याकडे पर्यटकांची रीघ असते म्हणे. जुलैत मी. दारातच चौकशी झाली.

"एकट्याच आलाव?"

"हो."

"मागनं कोण येतंय?"

"कोणी नाही."

"सायब?"

"घरी."

त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पिशवीकडे. "येवढंच सामान?"

फोनवर समुद्राकडची खोली ठरली होती. मिळाली मागच्या परसाकडची, त्यांच्या स्वयंपाकघराला लागून. "त्या खोलीत गळतंय," म्हणाल्या. नंतर त्या खोलीत डोकावले. ठणठणीत कोरडी. कोकणी माणूस पाहुण्याला फसवत नाही, असं क्षिप्राला कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं.

११ जुलै

समुद्र पाहिला.

निळा वगैरे काही नसतो. चहाच्या रंगाचा. लाट येते ती दिसण्याआधी पायाखाली कळते. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, गुरांसारख्या ओळीने बसलेल्या. पाऊस आणि फेस यांच्यात क्षितिज नावाची गोष्टच नाही. मी फळ्यावर काढलेल्या सगळ्या बाणांबद्दल वाईट वाटलं.

हे सगळं एकटीने पाहायचं होतं. पण फाटकातून निघाले आणि विमलाबाईंचे दीर धाकूभाऊ छत्री घेऊन हजर. मासेमारी बंद असल्यामुळे ते जाळी विणतात. आज जाळी राहिली.

"कुठं चाललाव?"

"समुद्रावर."

"मी पन तिकडंच चाललूय."

मी थांबले की ते थांबत. मी वळले की त्यांनाही तिकडेच काम निघे. मी खडकावर बसले, तर एक अनोळखी म्हातारी येऊन शेजारी टेकली. डोक्यावर प्लास्टिकची खोळ. नाव मीराबाई, एवढंच बोलली. मी उठले, तीही उठली.

परत येताना वाटेवर साईनाथचं दुकान. चाळिशीचा गडी, कळव्यात कंपनीत होता, कंपनी बंद पडल्यावर गावी परतला. "मॅडम ठाण्याच्या? अरे वा, आपल्याच की. त्या समुद्रात काय बघायचंय, रोजचाच आहे तो. इकडे बसा, वडा घ्या. गरम आहे, एकदम कडक." मी नको म्हटलं. त्याने दोन दिले. आणि मी खाईपर्यंत समोर उभा राहिला, परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा.

१२ जुलै

आज मिरवणुकीने एकटी फिरले.

१३ जुलै

उलगडा झाला. साईनाथच्या तोंडून निसटलं. चहा देताना उगाच गंभीर होऊन म्हणाला, "मॅडम, टेन्शन कोणाला नसतं? मी पण कंपनी बंद झाली तेव्हा लय डाऊन होतो. पण असं काही मनात आणायचं नाही."

"कसं काही?"

तो भांडी विसळायला लागला.

तरातरा घरी आले. विमलाबाई भाकऱ्या थापत होत्या. विचारलंच — "तुम्हा सगळ्यांना वाटतंय तरी काय? मी जीव द्यायला आलेय?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, मग बोलल्या. मागच्या पावसात एक साहेब आले होते. असेच एकटे, असेच शांत. घावन आवडले म्हणाले, मागून घेतले. सकाळी विचारलं, दर्याकडे जवळची वाट कुठली.

"मीच दावली," विमलाबाई म्हणाल्या. "आंगणात हुबी राहून, हात करून दावली."

तव्यावरची भाकरी करपली. त्यांनी ती कुत्र्याला टाकली आणि दुसरी थापायला घेतली.

मी हसले. काय करणार? म्हटलं, "छे हो विमलाबाई. मी शिक्षिका आहे. मला नवरा आहे, मुलगा आहे, सून आहे. ठाण्यात फ्लॅट आहे." म्हणजे ज्याच्याकडे फ्लॅट आहे त्याला समुद्राची गरज नाही, असा काहीतरी सिद्धांत मी मांडत होते.

त्या म्हणाल्या, "त्या सायबांचा पन बंगला होता."

आणि माझ्या पानात भाकरी वाढली.

हरिहरचा फोन आला होता. कुकरची शिट्टी होत नाहीये. झाकणाला रिंग लावली का विचारलं. रिंग लावली नव्हती. "बाकी?" म्हणाला. म्हटलं, मजा येतेय, माणसं फार प्रेमळ आहेत.

१४ जुलै

सकाळी जाग आली तर घर रिकामं. पावसाने जोर धरला होता, सगळी वाडी लावणीला शेतावर. मीराबाईसुद्धा. वाटेवर कोणी नाही. साईनाथच्या दुकानाचं शटर खाली. अखेर सोलो ट्रिप.

समुद्रावर गेले. वाळू संपते तिथपर्यंत. मग त्याच्याही थोडं पुढे. पाणी वाटलं होतं त्यापेक्षा कोमट होतं. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि आपण उभे असलो तरी मागे पडतोय असं वाटतं. किती वेळ उभी होते माहीत नाही. गुडघ्यापर्यंत पाणी होतं.

शेजारी कोणीतरी आलं. विमलाबाई. शेतावरून पळत आलेल्या, चिखलात माखलेल्या, एका हातात भाताच्या रोपांची जुडी तशीच. धाप लागली होती. हाक मारली नाही, ओरडल्या नाहीत. नुसत्या माझ्या शेजारी पाण्यात उभ्या राहिल्या. दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. घट्ट, बांगडी रुतेल इतकं.

दोन-तीन लाटा आम्ही दोघींनी मिळून घेतल्या.

मग म्हणाल्या, "लावणीला हात कमी पडतायत. चला."

गेले.

वाकून वाकून कंबर मोडली. मी लावलेली ओळ बघून धाकूभाऊंनी मान फिरवली. हसू लपवत होते. विमलाबाईंनी माझी सगळी रोपं उपटली आणि पुन्हा लावली. मी परत लावली. त्यांनी परत उपटली. चौथ्या की पाचव्या ओळीला त्यांनी हात लावला नाही, तेव्हा मला शाळेत आदर्श शिक्षिका म्हणून शाल मिळाली होती त्याहून बरं वाटलं. दुपारी बांधावर भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. आमच्या घरात सुकट चालत नाही. अजून आहे का म्हणून विचारलं. विमलाबाईंनी स्वतःची अर्धी भाकरी पुढे केली. मी खात असताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मग बघायचं थांबवून दुसऱ्या बाईशी भांडायला लागल्या, खाचरातलं पाणी कोणी तोडलं म्हणून.

किती दिवसांनी भूक लागली होती.

१५ जुलै

निघाले. धाकूभाऊ एसटीपर्यंत सोडायला येणार होते. ते एसटीत चढले. चिपळूणला उतरले, स्टेशनात आले, फलाटावर बाकावर शेजारी बसले. म्हटलं, तुम्ही जा आता. म्हणाले, "गाडी सुटंल मग जातो." गाडी सुटली तेव्हा खिडकीबरोबर थोडं चालत आले.

१६ जुलै, ठाणे

घर जागेवर आहे. हरिहरने पांढऱ्या शर्टांबरोबर माझी लाल ओढणी धुतली. आता तो गुलाबी शर्टांचा मालक आहे.

क्षिप्रा भेटायला आली. "मग आई, सापडलात का?" हसत विचारलं तिने. मी म्हटलं, फोटो काढायचे राहिले गं.

१७ जुलै

विमलाबाई चुकल्या नव्हत्या. परतीचं तिकीट मी काढलंच नव्हतं. ते चिपळूणला धाकूभाऊंनी रांगेत उभं राहून काढलं. या वहीतही लिहायचा धीर झाला नव्हता. निवृत्तीनंतरचे हे महिने कसे गेले, काय मनात होतं, सगळं आज सकाळी हरिहरला सांगितलं. त्याने पेपर बाजूला ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसला. मग त्यानेच फोन लावून वेळ घेतली. उद्या डॉक्टरांकडे जायचंय. दोघांनी.