खाजणातली मोजणी

२३ नोव्हेंबर १९११, सुपा

अडीच महिने इथे एक ओळ नाही. क्षमा मागायची तर या पानांचीच. ताप होता हे खरं. पण त्याहून आळस होता, तेही लिहून ठेवतो.

कचेरीचा हुकूम — काळी नदीच्या मुखाजवळच्या खाजणात, त्या खाऱ्या पाणथळीत, परमुलखातली पाखरं किती उतरतात, मोजून कळवा. कशासाठी, ते लिहिलेलं नाही. मीही विचारलं नाही!

२९ नोव्हेंबर, खाजण

कुंभारवाड्याचा येसाजी सोबत. घाट उतरून पुढे होडीने आलो. त्याची बहीण काशी इथे दिलेली. तिच्याच पडवीत मुक्काम. बांधाच्या दाराची राखण तिच्याकडे — भरतीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला अडवून धरायचं. त्या पाण्यावर वाडीची मासळी, आणि ही बदकं.

पहिला थवा उतरला की बांधावर नारळ फुटतो. मग शिमग्यापर्यंत बंदूक नाही, तिथे मोठ्याने बोलणंसुद्धा नाही.

"म्हायेरवाशिणी हायत त्या," काशी म्हणाली.

"ह्या तरी गप ऱ्हात्यात," येसाजी. "तू म्हायेराला आलीस की शेजारी गाव सोडत्यात!"

१ डिसेंबर

दोन दिवस मोजतो आहे. धुकं, चिखल, कुजका वास. आकडा सहा हजारांवर गेला.

"अण्णा, कमी लिवलं तर चालत न्हाई?" काशीने विचारलं.

नाही म्हणालो. खोटं लिहिणं मला जमत नाही. हा सद्गुण, की नुसता भित्रेपणा?

९ डिसेंबर, सुपा

अहवाल धाडला. खरा आकडा.

१९ डिसेंबर

उत्तर आलं. नाताळात साहेबलोक खाजणावर शिकारीला येणार — चौदा बंदुका. 'उपयुक्त माहितीबद्दल' माझी तारीफ!

येसाजीला सांगितलं. तो घोंगडी खांद्यावर टाकून घाटाच्या वाटेला लागला.

२८ डिसेंबर

येसाजी परतला. साहेब पोचले तेव्हा खाजणात नुसता गाळ. पाखरू नाही! आदल्या तीन ओहोट्यांना काशीने दार उघडं ठेवलं होतं. वाडीची मासळीही त्याच पाण्याबरोबर समुद्रात गेली.

"तिला कुणी बोल लावला न्हाई," तो म्हणाला. "पर आता खायाचं काय, अण्णा?"



३० डिसेंबर

कचेरीची विचारणा — आकडा खरा होता, तर पाणी कोणी सोडलं? नाव कळवा.

उद्या: जबाब लिहिणे. पाणी कोणी सोडलं नाही. मोजणी माझी चुकली.