गळ्यावरची दुसरी गाठ

अमरावती
६ फेब्रुवारी, गुरुवार

सौ. सीमाताईंना साधनाचा नमस्कार.

तुम्ही अकोल्याहून पाठवलेलं तूप आणि मुगाच्या वड्या पोचल्या. भाऊजींचे गुडघे आता कसे आहेत? नांदगावला शेवंतीचा तोडा सुरू आहे, पण ते सगळं गड्यांवर सोडून आम्ही दवाखान्यामागच्या या खोलीत पडलो आहोत. तुमचे भाऊ पातळ खिचडी खातात. कधी घास अडकतो, कधी उतरतो.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. खोली एकच आहे ताई, आणि मी कुणाशी काय बोलते याकडे यांचे कान असतात.

मागच्या महिन्यात तुम्ही आमच्यावर फार उपकार केलेत. औषधं आणि रेडिएशनचा शेक झाल्यावर अन्ननलिकेतला कॅन्सर आक्रसला, पण छातीतली एक गाठ मोठी दिसली. डॉक्टरांनी किती समजावून सांगितलं होतं. म्हणाले, "वाढलेली प्रत्येक गाठ कॅन्सरचीच असते असं नाही. जुन्या टीबीने, साध्या सुजेनेही वाढते. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून सुई घालून पाहावं लागतं." तेव्हा तुम्हीच फोनवर सांगितलं की गोवर्धनला लहानपणी टीबी झाला होता, आई त्याला घेऊन बार्शीटाकळीहून अकोल्याला औषधाला यायची. सुईचा रिपोर्ट तसाच आला. टीबीचा जुना डाग, कॅन्सर नाही. त्या दिवशी यांनी वॉर्डात पेढे वाटले आणि स्वतः चहात कुस्करून अर्धा खाल्ला. ऑपरेशनची तारीख मिळाली, येणारा सोमवार. तुम्ही रविवारी निघणार आहात, त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून कुरिअरने पाठवते आहे.

पुढचं लिहिण्याआधी मी उठून भांडी घासून आले.

हे गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळून बसायचे. थंडी वाजते म्हणायचे, मलाही खरं वाटलं. शनिवारी आंघोळीनंतर मी अंग पुसत होते, तर डाव्या बाजूला गळ्याच्या हाडावरच्या खोबणीत बोटांना काहीतरी लागलं. हरभऱ्याएवढं, कडक. दाबलं तरी जागचं हललं नाही.

"हे काय हाय?"

"काई नाई. तेबी टीबीचंच असन."

"पयले नव्हतं."

त्यांनी माझा हात बाजूला केला. जोरात नाही, हळूच. म्हणाले, "डाक्टरले सांगू नको, साधना. तारीख जाईन. मले हे आतलं काढून टाकाचं हाय, बस."

म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं.

मी चार-पाच दिवस गप्प राहिले. टीबीचीच असेल, असं मीही मनाशी म्हणत होते. पण डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, रोग लांबच्या गाठींत गेला असेल तर छाती उघडून काही हाती लागत नाही, उरलेले दिवस जखम भरण्यातच जातात. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. भाजी निवडतानाही तेच.

आज तपासणी होती. हे खुर्चीत बसले, दुपट्टा तसाच. डॉक्टर सोमवारचं सांगत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, गळ्यावर एक गाठ आहे." यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी दुपट्टा काढला. बराच वेळ बोटं तिथेच होती. या वेळी त्यांनी टीबीचं किंवा सुजेचं काहीच समजावलं नाही. फक्त सिस्टरला सुई आणायला सांगितली. मी विचारलं, तर म्हणाले, "रिपोर्ट येऊ द्या."

ताई, सोमवारचं ऑपरेशन रद्द झालं आहे.

आल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. संध्याकाळी एकच वाक्य बोलले, "तुले कावून एवढी घाई झाली होती?"

रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी येईल. तो चांगला आला तर हे मला माफ करतील. नाही आला तर कुणी कुणाला माफ करायचं, मला कळत नाही. म्हणून तुम्ही रविवारची वाट पाहू नका, पत्र मिळताच निघा, शनिवारीच या. रिपोर्ट घ्यायला मी एकटी जाईन. तेवढा वेळ तुम्ही त्यांच्याजवळ बसा. तुमच्या हातचं पाणी ते पितील.

आपली वहिनी, जिने न विचारता तोंड उघडलं,
साधना